तो म्हणते

९ जानेवारी, शुक्रवार

१० ब ला डायरेक्ट-इनडायरेक्ट सुरू केलं. सराव परीक्षा दारात आणि हा भाग राहिलेला. फळ्यावर नेहमीचंच. राम सेड, ‘आय ॲम टायर्ड.’ मग राम सेड दॅट ही वॉज टायर्ड. ‘सेड’ आलं की आतलं क्रियापद एक पायरी मागे. ॲमचं वॉज, विलचं वुड, कॅनचं कुड. पोरांनी मुकाट उतरवून घेतलं. मागच्या बाकावरून एकजण, "मॅडम, राम अजूनई थकलेलाच असला तं?" वर्ग हसला. मीही हसले असेन.

सिंदीहून सेलू, सेलूहून पवनार. मधे पाऊण तास नुसती उभी. घरी साडेसहा. मामाजी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. जुडीकडे पाहतच म्हणाले, "तो म्हणते, उद्या दोन पाहुणे हायेत. भाकरी जास्तीच्या टाकजो."

तो म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. वहीत प्र. आणि वहीत तरी एकेरी. तो आतल्या खोलीत पलंगावर होता. दहा पावलांवर.

"त्यांना सांगा, होईल," म्हटलं.

१२ जाने., सोम.

पाहुणे येऊन गेले. प्र.ची मावशी आणि तिचा जावई. मावशी जाताना कानाशी लागली, "अजून चालूच हाये का तुमचं?" काय सांगू? हो म्हटलं. "बाप्पा! सहा महिने! माणूस आजारी पडते अशानं." नाही पडत. मी तर सर्दीनंही पडले नाही.

खरं म्हणजे या घरात बोलण्याची रीतच वाकडी आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मामाजींनी मला कधी नावानं हाक मारली नाही की समोर बघून काही सांगितलं नाही. सासऱ्यानं सुनेला हुकूम करायचा नाही, ही त्यांची रीत. मग जे असेल ते मुलाच्या नावावर. तो म्हणते चहा ठेव, तो म्हणते सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून ठेव. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, होत्या तोवर त्या मधे असायच्या. त्या गेल्या, मग मामाजीच थेट, म्हणजे थेट नाही, भिंतीकडे तोंड करून. चहाचं नि सांबाराचं मला माहीतच होतं, ते प्र.चं नसतं, मामाजींचंच असतं. आधी हसायलाही यायचं.

जुलैपासून मीही तेच करते. प्र.ला काही सांगायचं तर मामाजींना. आता दोन्हीकडचं त्यांच्याच हातात.

१४ जाने.

संक्रांत. शाळा अर्धा दिवस. मामाजींनी ताटलीत दोन लाडू आणून ओट्यावर ठेवले. "तो म्हणते, गोड बोला." प्र. तेव्हा मोटर सुरू करायला वावरात गेलेला. मी लाडू खाल्ला. चव कळली नाही. डब्यात वांगी-वाटाणा.

१७ जाने., शनि.

आज १० ब मधली पल्लवी. हुशार पोर, पण बोलायच्या आधी दहा वेळा पेन उघडते आणि मिटते. "मॅडम, ज्यानं म्हटलं तो माणूस वारला असला तर टेन्स बदलाचाच का?" विचारलं, कुणी काय म्हटलं होतं? "आजी म्हणायची, आपल्या विहिरीचं पाणी गोड आहे. आजी नाही. विहीर आहे."

मी सांगितलं, नियमाला माणसाशी घेणंदेणं नाही. म्हटलेलं आज खरं आहे का, तेवढं पाहायचं. पाणी अजून गोड असेल तर ‘इज’ ठेवलंस तरी चालेल, ‘वॉज’ केलंस तरी चालेल. परीक्षेत मात्र ‘वॉज’च लिही, तपासणारा विहीर बघायला येणार नाही. पल्लवी समाधानानं बसली. मी पुढचं वाक्य विसरले. फळ्याकडे तोंड करून किती वेळ उभी होते कोण जाणे.

जुलैचं एकदाचं लिहूनच टाकते.

मंगळवार होता. दुपारी चारला दादाचा फोन, नागपूरच्या दवाखान्यातून. बाबांना भरती केलंय, ये. बाबा म्हणजे माझे बाबा, हिंगणघाटचे. मी पिशवी भरली. प्र. बियाण्यासाठी देवळीला गेलेला. दोनदा फोन लावला, लागला नाही. मामाजी त्यांचा साधा फोन घेऊन फाटकापाशी गेले, पाच मिनिटांनी आले आणि तुळशीकडे बघून म्हणाले, "तो म्हणते, आज नको जाऊ. उद्या सकाळी दोघं मिळून जाऊ." मी पिशवी पलंगाखाली सरकवली. आठला प्र. आला. चप्पल काढता काढता म्हणाला, "सकाळी पाचलेच निघू." बस, एवढंच.

पहाटे साडेतीनला दादाचा फोन. संपलं होतं.

दादा सांगतो, बाबा तीनदा म्हणाले, "आली का?"

तेरवी झाल्यावर मी प्र.शी बोलणं सोडलं. ठरवून नाही. एक दिवस काही बोलायचं होतं ते राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं. भांडण झालंच नाही. झालं असतं तर मिटलं असतं.

मी स्वतःला विचारते, तू का गेली नाहीस? गाड्या होत्या. पाय तुझे, नोकरी तुझी, बापही तुझा. मग प्र.चं ते वाक्य आठवते आणि बरं वाटतं. बरं म्हणजे काय, बोट ठेवायला जागा मिळते.

१८ जाने., रवि.

सिंदीला जाऊन खोली पाहिली. शाळेपासून चालत सात मिनिटं. कुंदाबाई, अंगणवाडीतून निवृत्त, एकट्या राहतात, वरची खोली देतात. खिडकीतून रेल्वे फाटक दिसतं. एक खाट, एक मोरी, सामान ठेवायला फडताळ. कुंदाबाई बोलायला फटकळ. "नवरा हाये ना? मंग एकटी काऊन?" म्हटलं, जाण्यायेण्यात चार तास जातात. "हं," म्हणाल्या, "मीई लोकाईले असंच सांगत होती." आणि हसल्या. "आठ तारखेपरेंत सांगजो. एक नर्सबाई मागून राह्यली."

जाण्यायेण्याचं कारण चांगलं आहे. कुणी तोंड उघडणार नाही. नोकरीसाठी राहते म्हणतील. दर शनिवारी घरी येईन म्हणेन, मग महिन्यातून एकदा, मग बघू. लोक असंच वेगळे होतात, कागद न करता.

२० जाने., मंगळ.

मामाजींना सांगितलं. ते ओसरीवर वांगी निवडत होते, किडकं एकीकडे, चांगलं एकीकडे. म्हटलं, "त्यांना सांगा, मार्चपासून मी सिंदीला राहीन. खोली पाहिली आहे. आठ फेब्रुवारीपर्यंत कळवायचं आहे."

मामाजींच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं ते चांगल्यात टाकलं. किडकं होतं.

२१ जाने.

सकाळी डबा भरताना मामाजी दाराबाहेरून, "तो म्हणते, पाहून घे काय ते."

पाहून घे. एकोणीस वर्षांच्या संसाराला चार शब्द. मला राग यायला हवा होता. डब्याचं झाकण बसत नव्हतं, तेवढाच राग आला.

२२ जाने.

मिनूचा फोन, नागपूरच्या होस्टेलवरून. माझी पोरगी, पहिल्या वर्षाला आहे. "आई, तू पप्पांशी बोलली का?" नाही. "मग पप्पा तुझ्याशी?" नाही. "तुम्ही दोघं येडे झालात का गं?" म्हटलं, अभ्यास कर. खोलीचं सांगितलं नाही.

तिला प्र.ला काही विचारायचं असलं की फोन लावते आणि विचारते. किती सोपं करते ही पोरगी.

२४ जाने., शनि.

आज ‘सेज’ घेतलं. कुणी ‘सेज’ म्हणत असेल, म्हणजे सांगणाराच वर्तमानात असेल, तर आतलं काही हलवायचं नाही. ही सेज दॅट ही इज इल. सगळं जागच्या जागी. पोरांना हे फार आवडलं, काहीच करायचं नसतं म्हणून. अर्ध्या वर्गाला तरी ‘ही सेज दॅट आय ॲम इल’ लिहायचं असतं. त्यांची चूक नाही, मराठीत आपण तसंच बोलतो. समोरचा जे बोलला ते जसंच्या तसं उचलून आणतो, त्याचा ‘मी’सुद्धा. मग मी सांगते, अरे, आजारी तू नाहीस, तो आहे. दरवर्षी सांगते.

पेपर तपासायला घरी आणले. चाळीसपैकी अकरा तपासले.

२६ जाने.

झेंडावंदन. भाषणं, केळी, चॉकलेट. अकराला सुटले, एका सरांच्या गाडीवर सेलूपर्यंत. पावणेएकला घरी. एवढ्या लवकर मी घरी कधी नसते. मामाजी दचकलेच.

मी हातपाय धुतले. मामाजी खांबाला टेकून, अंगणातल्या कोंबडीला सांगितल्यासारखे म्हणाले, "आत्ताच फोन आलता त्याचा, वर्ध्याच्या बजारातून. तो म्हणते, आज माल उशिरा सरते, जेवाले नाई येत. सुनेनं जेवून घ्यावं म्हणते, वाट नको पाहू म्हणते."

बरं म्हणून मी आत गेले. फडताळावर प्र.चा फोन चार्जिंगला लावलेला. हिरवा दिवा.

मी तो फोन पाहत उभी राहिले. म्हटलं, कुण्या आडत्याचा फोन घेतला असेल. मग मी ते केलं जे कधी केलं नाही. मामाजी गोठ्यात गेल्यावर त्यांचा साधा फोन खुंटीवरून काढून पाहिला. शेवटचा आलेला फोन परवाचा, मिनूचा. आज कुणाचाच नाही. प्रजासत्ताक दिनाला सासऱ्याचा फोन चाचपणारी मास्तरीण. लाज वाटली, फोन जागेवर ठेवला आणि जेवले. सगळं जेवले.

२७ जाने.

सेलूला गाडी आली आणि मी चढलेच नाही. दुसरीनं गेले. पहिला तास चुकला.

चहा-सांबार त्यांचं, हे मला माहीत होतं. मोठं असेल ते तरी विचारून सांगतात, असं धरून चालले होते. कुणी सांगितलं होतं मला असं? कुणीच नाही. मीच धरलं.

‘पाहून घे काय ते.’ हे कुणाचं?

आणि जुलैचं?

२९ जाने., गुरु.

आज विचारणार होते. मामाजी जेवत होते. जेवणाऱ्या माणसाला विचारू नये. मग ते पान खात होते. मग झोपले.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. सात महिने प्र.वर बोट ठेवून उभी आहे. बोट उचललं तर कुठे ठेवू?

१ फेब्रु., रवि.

विचारलं.

प्र. पहाटेच वर्ध्याला गेलेला. मामाजी विहिरीपाशी सांबाराच्या जुड्या धूत होते. मी बाजूला बसले, जुड्या हातात घेतल्या, धुवायला लागले. ते तोंड फिरवून बसले, रीतीप्रमाणे. मी म्हटलं, "मामाजी, जुलैत माझे बाबा दवाखान्यात होते, तेव्हा तुम्ही ह्यांना फोन लावला होता. लागला होता का?"

पाणी वाहत राहिलं. मला वाटलं ऐकलं नसेल. कान चांगले आहेत त्यांचे.

"नाई लागला," म्हणाले.

"मग ‘तो म्हणते’ म्हणालात ते?"

तेव्हा ते वळले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळे पिवळट, एका डोळ्यात पडदा. मला माहीतच नव्हतं.

"मी म्हणलो, बाई. त्यानं नाई म्हटलं. चार वाजून गेलते, तू एकटी, नागपूरचा रस्ता, रातच्याले कुठं राह्यली असती? मले वाटलं, दवाखान्यात हायेत, डाक्टर हायेत, एका रातीनं का होते? माह्या नावानं सांगतलं असतं तं... सासरा सुनेले अडवते का? म्हणून त्याच्या नावानं सांगतलं. सारं तसंच सांगत आलो ना मी."

जुडी त्यांच्या हातातून सुटून पाण्यात गेली. मी काढली.

"माहं चुकलं," म्हणाले. "तवाच कळलं होतं चुकलं. मंग सांगाचं कसं?"

मला त्यांच्यावर राग आला नाही. म्हाताऱ्यावर काय रागावणार? रडूही आलं नाही. हात गार पडले होते, पाणी गार होतं म्हणून.

मग म्हटलं, "आणि खोलीचं? ते ‘पाहून घे’?"

"त्याले सांगतलंच नाई."

"का?"

"सांगतलं असतं तं तो ‘जा’ म्हणला असता. तोंडानं तसाच हाये तो. मंग तू गेली असती." पुढची जुडी उचलून, "नाई सांगतलं तं दोघंई घरात राह्यता, असं वाटलं मले."

सत्तर-बाहत्तर जुड्या धुऊन झाल्या. मामाजी रडत होते बहुतेक, पाणी तोंडावर उडालेलं म्हणून नक्की सांगता येत नाही.

३ फेब्रु.

म्हणजे प्र.नं म्हटलंच नव्हतं.

पण आठला घरी आल्यावर ‘सकाळी पाचलेच निघू’ हे त्यानंच म्हटलं, माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे मामाजींनी त्याला फाटकातच सांगितलं असणार. म्हणजे त्याला माहीत होतं. सात महिने मी त्याला जो दोष देत होते तो त्याचा नाही, हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. आधी नव्हता तेवढा राग आता येतोय. आला, चला, काहीतरी आलं.

सराव परीक्षेत ३४ पोरांनी ‘युनिव्हर्सल ट्रुथ’ बरोबर लिहिलं. टीचर सेड दॅट द सन राइजेस इन द ईस्ट. जे कधीच बदलत नाही त्याचा काळ बदलत नाही. पल्लवीनं उदाहरण स्वतःचं घातलं, माय ग्रँडमदर सेड दॅट वेल वॉटर इज स्वीट. तपासणारी मी असल्यानं पूर्ण मार्क.

५ फेब्रु., गुरु.

कुंदाबाईंचा फोन. "रविवारी अकराले शेवटचं सांगजो बाई. नर्सबाई कपडे घेऊन दारात उभी हाये, असं समज." हो म्हटलं.

मामाजी दोन दिवसांपासून काहीच सांगत नाहीत. त्याचं मला नाही, माझं त्याला नाही. घरात एक शब्द हलत नाही. प्र.लाही कळलं असावं काहीतरी झालंय. काल जेवताना दोनदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मीठ मागायचं होतं, उठून स्वतः घेतलं.

७ फेब्रु., शनि.

शाळा सकाळची. दुपारी तीनला वावरात गेले. धाम नदीच्या काठचं आमचं वावर, दीड एकर, त्यात टमाटर, कोबी, एका बाजूला पालक. कित्येक महिन्यांत गेले नव्हते. प्र. टमाटराच्या झाडांना सुतळीनं काठ्या बांधत होता. मला पाहून उभा राहिला. मग परत बसला, बांधायला लागला.

मी त्याच्या समोरच्या सरीत बसले. म्हटलं, "सिंदीला खोली घेतेय मी. मार्चपासून."

सात महिन्यांनी पहिलं वाक्य. आवाज घोगरा निघाला, खाकरून परत म्हणावं लागलं.

"कोणती खोली?" तो म्हणाला.

सांगितलं. कुंदाबाई, खिडकी, फाटक, सात मिनिटं. त्यानं ऐकलं. सुतळीची गाठ मारली, पक्की आहे का ओढून पाहिली.

"कधीची पाह्यली?"

"अठरा तारखेला. मामाजींना सांगितलं होतं."

"मले नाई सांगतलं आबानं."

"माहीत आहे." मग विचारलं, "जुलैत तुम्ही नव्हतं ना म्हटलं?"

"नाई," म्हणाला. "घरी आलो तं आबानं फाटकातच सांगतलं, ‘तुह्या नावानं मी असं असं बोललो’ म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं? सात महिने! माझं तोंड दिसत नव्हतं का तुम्हाला?"

"आबाले खोटं पाडू का तुह्यासमोर? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस."

"आणि मी?"

त्यानं सुतळीचा गुंडा खाली ठेवला. हातांना टमाटराचा हिरवा रंग चढलेला. म्हणाला, "आन् दुसरं सांगू का? मले फोन लागला असता नं, तं मीई तेच म्हणलो असतो. आज नको, उद्या जाऊ. मी तसंच म्हणलो असतो. मंग म्या नाई म्हटलं, म्या नाई म्हटलं, असं कोण्या तोंडानं सांगू?"

मला वाटलं होतं, खरं कळलं की सुटेन. वाईट म्हणजे हा खोटं बोलत नव्हता. खरोखरच तसं म्हणाला असता. मी त्याला ओळखते.

"पण विचारायचं तरी," मी म्हटलं, कशाबद्दल ते मलाच कळलं नाही.

"तूई नाई इचारलं," तो म्हणाला. रागानं नाही. "एकडाव इचारलं असतं तं सांगतलं असतं. तू नाई इचारलं."

मग मी रडले. तिथेच सरीत, पदर तोंडात घालून, बाबांसाठी. तेरवीलाही इतकी रडले नव्हते. तो उठला नाही, जवळ आला नाही. पण कामही केलं नाही. बसून राहिला.

८ फेब्रु., रवि.

प्र. बाजारात गेला नाही. रविवारचा बाजार त्यानं कधी चुकवला नाही, तापातही नाही. टोपल्या भरून अंगणात तशाच. मामाजींनी एकदा टोपल्यांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि काठी घेऊन नदीकडे निघून गेले.

चहा मी केला. त्याच्यासमोर ठेवला, स्वतः. साडेदहा झाले होते. म्हटलं, "अकराला कुंदाबाईंना सांगायचं आहे. मी जाऊ की नको?"

त्यानं चहा प्यायला. कप ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मी नको म्हणलो तं राहशीन का?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं का? नाही म्हणायचं होतं?

"आन् जा म्हणलो तं जाशीन, आन् मंग पुढं सारी जिंदगी म्हणशीन, त्यानं जा म्हटलं. असं नको करू. तुले जे करायचं ते तुह्या नावानं कर. मी खोली पाहाले येतो पाह्यजे तं. सामान बी आणून देतो. पण माह्यावर नको टाकू."

तो बरोबर बोलला, आणि मला त्याचा फार राग आला. जुलैत मामाजींनी काय केलं? मला थांबायला एक नाव दिलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं, कारण मला बाबांना तसं, नळ्या लावलेलं, पाहायचं नव्हतं. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. पिशवी मी भरली होती, पण पलंगाखाली सरकवताना जीव हलका झाला होता. तेव्हा मला कुणी ‘नको जाऊ’ म्हणायलाच हवं होतं. कुणीही.

अकराला दोन मिनिटं आहेत. प्र. ओसरीवर बसला आहे, पाठमोरा. मी आत, फोन समोर, कुंदाबाईंचा येईलच. हो म्हणू की नाही म्हणू, मला खरोखर माहीत नाही, पण जे म्हणेन ते मीच म्हणेन.

वाजतोय.